तिशीतला स्लॉट रिसीव्हर: ठेवायचा की विकायचा?

तुझा प्रश्न असा आहे ना, की अमेरिकन फुटबॉलची (एनएफएलची) फॅन्टसी, म्हणजे खऱ्या प्लेयरांच्या आकड्यांवर पॉइंट मिळतात तो खेळ, त्यात बारा टीमची डायनॅस्टी लीग (प्लेयर वर्षानुवर्षं आपल्याकडेच राहतात ती), फुल पीपीआर (प्रत्येक कॅचला एक पॉइंट), तुझ्याकडे ३१ वर्षांचा स्लॉट रिसीव्हर (मधल्या जागेत उभा राहून बॉल झेलणारा), मागच्या सीझनला शंभरच्या वर कॅच, आणि आता लीगमधला एकजण त्याच्या बदल्यात पुढच्या वर्षीचा सेकंड राउंड पिक (नव्या प्लेयरांच्या ड्राफ्टमधली, म्हणजे निवडीतली, दुसऱ्या फेरीतली संधी) देतोय, तर घेऊ का? आणि असल्या प्लेयरची किंमत वर्षागणिक कशी बघायची? तुला एका वाक्यात हवं असेल तर सांगते, स्लॉटवाल्याचं वय नंतर बघ, आधी त्याची खुर्ची, म्हणजे टीममधली त्याची जागा बघ. बाकी सगळं लांबण आहे, पण चहा घेऊन बसलेय तर लिहिते.

मी २००७ पासून फॅन्टसी खेळतेय, सुरुवात ऑफिसातल्या लीगने झाली, नंतर मराठी मंडळातल्या सात-आठ घरांची डायनॅस्टी सुरू झाली ती अजून चालू आहे. राहते मॅसॅच्युसेट्समध्ये, त्यामुळे माझी उदाहरणं पेट्रियट्सचीच (इथल्या एनएफएल टीमची) निघणार, ते सहन कर. पण स्लॉट रिसीव्हरचं अख्खं करिअर समजून घ्यायला वेस वेल्करपेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही, आणि त्याच्या पाठोपाठ त्याच खुर्चीत बसलेला ज्युलियन एडलमन.

आधी हा स्लॉट नेमका करतो काय ते बघ, कारण फॅन्टसीचे पॉइंट तिथून येतात. तो उभा राहतो लाइनमधला टॅकल (कडेचा ब्लॉकर) आणि एकदम कडेचा रिसीव्हर यांच्या मधे, बहुतेक वेळा स्क्रिमेजपासून (डाव सुरू होतो त्या रेषेपासून) एक पाऊल मागे, त्यामुळे समोरच्याला त्याला छातीवर हात ठेवून अडवणं अवघड जातं. कडेच्या रिसीव्हरला एका बाजूला साइडलाइन असते, तीच जणू एक जास्तीचा डिफेंडर, पण स्लॉटवाल्याला डावं-उजवं दोन्ही मोकळं. आणि त्याचं मुख्य हत्यार म्हणजे ऑप्शन रूट, सहा-सात यार्ड पळायचं, बघायचं की डिफेंडर आत झुकलाय की बाहेर, आणि उलट्या बाजूला वळायचं, झोन असेल तर मोकळी जागा बघून तिथेच थांबायचं. गंमत अशी की क्वार्टरबॅकनेही (बॉल फेकणाऱ्यानेही) त्याच क्षणी तेच वाचायला हवं, नाहीतर बॉल एकीकडे आणि हा दुसरीकडे. ही समज एका उन्हाळ्यात येत नाही. म्हणून थर्ड डाउन (चारातला तिसरा प्रयत्न) आणि पाच यार्ड हवेत तेव्हा क्वार्टरबॅक डोळे मिटून कुणाकडे बघतो तर या माणसाकडे.

क्रिकेटवाल्यांना मी असं सांगते, हा मधल्या ओव्हर्समध्ये एक-दोन, एक-दोन काढत राहणारा बॅट्समन. हायलाइट्समध्ये दिसत नाही, स्कोअरकार्डवर मात्र ७० नाबाद.

आता त्या ७० ला तुझी लीग किती किंमत देते यावर सगळं आहे. २००९ घे. वेल्कर १२३ कॅच, १३४८ यार्ड, ४ टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार). त्याच वर्षी चार्जर्सचा व्हिन्सेंट जॅक्सन, उंचापुरा कडेचा रिसीव्हर, ६८ कॅच, ११६७ यार्ड, ९ टचडाउन. जुन्या स्टँडर्ड स्कोरिंगमध्ये, म्हणजे दहा यार्डाला एक आणि टचडाउनला सहा, जॅक्सन १७०.७ आणि वेल्कर १५८.८, जॅक्सन पुढे. प्रत्येक कॅचला एक पॉइंट लाव, वेल्कर २८१.८ आणि जॅक्सन २३८.७, आता वेल्कर ४३ पॉइंटने पुढे. दोघांनी मैदानावर केलं ते तेच, फक्त तुमच्या कमिशनरने (लीग चालवणाऱ्याने) एक चौकोन टिक केला. (हे सगळे आकडे मी फक्त रिसीव्हिंगचे धरलेत, वर्षाला दोन-तीन वेळा बॉल घेऊन पळतात ते सोडून दिलंय.) माझी पहिली ऑफिसची लीग स्टँडर्ड होती, आणि मी पहिली दोन वर्षं मासिकातल्या पीपीआर लिस्ट बघून ड्राफ्ट करत होते, सगळे हसायचे आणि मला कळायचंच नाही का. तर तुझी फुल पीपीआर आहे हे ठीक, पण तुमच्या लीगमध्ये दर दोन वर्षांनी कुणीतरी हाफ पीपीआर (कॅचला अर्धा पॉइंट) करूया म्हणतो ना, तसं मतदान आलं तर स्लॉटवाल्याचा मालक म्हणून तुझं सगळ्यात जास्त नुकसान, हे लक्षात ठेव.

वेल्करची गोष्ट. २००४ मध्ये टेक्सस टेकमधून आला, कुणी ड्राफ्टच केला नाही, पाच फूट नऊ इंच. चार्जर्सनी घेतला आणि एका सामन्यानंतर सोडून दिला, मग मायामीने उचलला, तिथे किक रिटर्न करायचा, एकदा तर किकर जखमी म्हणून पेट्रियट्सविरुद्ध यानेच फील्ड गोल मारला. २००६ मध्ये मायामीत ६७ कॅच, ६८७ यार्ड, १ टचडाउन, म्हणजे पीपीआरमध्ये १४१.७. बेंचवरचा प्लेयर, बाय वीकला, म्हणजे दुसऱ्या कुणाची सुट्टी असेल त्या आठवड्याला, लावायचा. मार्च २००७ मध्ये पेट्रियट्सनी एक सेकंड आणि एक सेव्हन्थ राउंड पिक देऊन त्याला घेतला आणि त्याच सीझनला ११२ कॅच, ११७५ यार्ड, ८ टचडाउन, २७७.५ पॉइंट. जवळजवळ दुप्पट. सहा महिन्यांत माणूस दुप्पट चांगला झाला का? नाही ना. कडेला रँडी मॉस आला, तो सेफ्टींना (सगळ्यात मागच्या डिफेंडरांना) खोल ओढून न्यायचा, मागे क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी, आणि मधली सगळी जमीन याची. खुर्ची बदलली.

आणि खुर्ची किती पक्की होती याचा पुरावा पुढच्याच वर्षी मिळाला. २००८ च्या पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा गेला, कॅन्सस सिटीविरुद्ध, मी तेव्हा टीव्हीसमोर होते आणि माझ्या नवऱ्याने विचारलं कुणी वारलं का. उरलेला सीझन मॅट कॅसल, जो हायस्कूलनंतर एकही सामना स्टार्टर म्हणून खेळला नव्हता. आमच्या लीगमध्ये दोन दिवसांत वेल्करला ट्रेडच्या बाजारात काढलं मालकाने. आणि काय झालं? १११ कॅच, ११६५ यार्ड. एक कॅच कमी, दहा यार्ड कमी. फक्त टचडाउन ८ चे ३ झाले. एकूण २४५.५, म्हणजे ३२ पॉइंट कमी आणि त्यातले ३० निव्वळ टचडाउनचे. यातून मी शिकले ते अजून वापरते: क्वार्टरबॅक नवखा असला की तो जवळचा बॉल जास्त फेकतो, त्यामुळे स्लॉटवाल्याचे कॅच टिकतात, पण टीमचे टचडाउनच कमी झाले की याचे आधी कमी होतात. कारण रेड झोनमध्ये (शेवटच्या वीस यार्डांत) मैदान आखूड होतं, ऑप्शन रूटला जागा राहत नाही, आणि बॉल जातो उंच टाइट एंडकडे (लाइनला लागून उभ्या राहणाऱ्या धिप्पाड रिसीव्हरकडे). म्हणून स्लॉटवाल्याचे टचडाउन मी कधीच किमतीत धरत नाही, आले तर दिवाळी.

२००९ चे आकडे वर दिलेत, पण ते १४ सामन्यांत आहेत, म्हणजे सामन्याला २०.१. आणि मग शेवटचा सामना, ह्यूस्टनमध्ये, सुरुवातीलाच गुडघा वळला, एसीएल (गुडघ्यातला लिगामेंट) गेला. रीड्राफ्टवाल्यांचा (दरवर्षी नवी टीम निवडणाऱ्यांचा) फायनल तोवर उरकला होता, त्यांना काही फरक पडला नाही, डायनॅस्टीवाले आम्ही डोक्याला हात लावून बसलो. पण त्याच सामन्यात त्याच्या जागी एक रुकी (पहिल्याच वर्षाचा प्लेयर) आला, केंट स्टेटचा माजी क्वार्टरबॅक, सेव्हन्थ राउंडचा २३२ वा पिक, आणि त्याने १० कॅच घेतले. एडलमन. मी तेव्हा त्याला वेव्हरवरून (कुणाच्याच टीममध्ये नसलेल्यांच्या यादीतून) उचलला नाही. डायनॅस्टीत. फुकट मिळत होता. त्याच्याकडे परत येते.

वेल्कर आठ महिन्यांत परतला, २०१० च्या पहिल्याच सामन्यात सिनसिनाटीविरुद्ध दोन टचडाउन, सगळे म्हणाले काही झालंच नाही जणू. झालं होतं. त्या वर्षी ८६ कॅच, ८४८ यार्ड, कॅचमागे दहा यार्डही नाहीत, २००९ मध्ये अकराच्या जवळ होते. सामन्याला १४.२ पॉइंट. त्यात ऑक्टोबरात मॉसला विकलं, त्यामुळे सेफ्टी मधे येऊन बसायला मोकळे. त्या हिवाळ्यात वेल्करची किंमत आमच्या लीगमध्ये तळाला होती, "तिशीला आलाय, गुडघा गेलाय, संपला". आणि २०११ मध्ये, तीस वर्षांचा असताना, १२२ कॅच, १५६९ यार्ड, ९ टचडाउन, ३३२.९ पॉइंट, करिअरमधलं सगळ्यात मोठं वर्ष. पहिल्या सामन्यात मायामीविरुद्ध ९९ यार्डांचं टचडाउन, तिसऱ्या आठवड्यात बफेलोत १६ कॅच आणि २१७ यार्ड. कॅचमागे जवळजवळ १३ यार्ड.

हा उतार-चढाव नीट बघ, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. कडेचा रिसीव्हर सरळ वेगावर जगतो, तो वेग दरवर्षी थोडाथोडा जातो, त्यामुळे त्याची घसरण जिन्यासारखी, पायरी पायरीने दिसते आणि तुला वेळ मिळतो. स्लॉटवाला थांबणं, वळणं आणि वाचणं यावर जगतो. वाचणं वयाबरोबर वाढतं. वळणं टिकतं, गुडघा-घोटा-हॅमस्ट्रिंग धड असेपर्यंत. म्हणून त्याचं करिअर गच्चीसारखं, बराच काळ सपाट आणि मग एकदम कठडा. सपाटीवर असताना लोक वय बघून त्याला स्वस्तात विकतात, आणि कठड्यापाशी आल्यावर मागचे आकडे बघून महागात घेतात. दोन्हीकडे चूक.

२०१२ मजेशीर होतं. फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये (एनएफएलच्या फायनलमध्ये) त्याच्या हातून तो बॉल सुटला, जायंट्स २१-१७ जिंकले, इथल्या लोकांनी तो सुटलेला बॉल वर्षभर उगाळला. पेट्रियट्सनी लांबचा करार न देता फ्रँचायझी टॅग (फक्त एका वर्षासाठी अडवून ठेवणं) लावला, वय ३१. पहिल्या सामन्यात टेनेसीत फक्त ३ कॅच, १४ यार्ड, आणि एडलमन जास्त वेळ मैदानात. सोमवारी सकाळी आमच्या लीगमध्ये वेल्करसाठी मी एक धड बेंचवर बसायच्या लायकीचा रनिंग बॅक दिला आणि तो मिळाला. पुढच्या आठवड्यात टाइट एंड हर्नांडेझचा घोटा गेला, वेल्कर परत मधे, आणि वर्षाच्या शेवटी ११८ कॅच, १३५४ यार्ड, ६ टचडाउन, २८९.४. हुशारी म्हणून सांगत नाहीये, टाइट एंड जखमी होणार हे मला काय माहीत. पण एका सामन्याच्या स्नॅपवरून (किती डावांना मैदानात होता त्यावरून) खुर्ची गेली असं ठरवायचं नाही, तीन सामने बघायचे.

पेट्रियट्समधल्या सहा वर्षांत त्याने ६७२ कॅच घेतले. आणि मार्च २०१३ मध्ये तो डेन्व्हरला गेला, दोन वर्षांचे १२ मिलियन. इथे मी चुकले आणि माझ्यासारखे हजारो चुकले. वेल्करला धरून ठेवलं, कारण तिथला क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग! आणि ब्रेडीच्या नव्या स्लॉटवाल्याला, डॅनी अमेंडोलाला, पाच वर्षांचे ३१ मिलियन मिळाले म्हणून ड्राफ्टमध्ये त्याला पाचव्या राउंडला घेतला, आपण फार शहाणे अशा थाटात. पहिल्याच सामन्यात बफेलोविरुद्ध अमेंडोला १० कॅच, १०४ यार्ड, मी नवऱ्याला म्हटलं बघितलंस? त्याच सामन्यात त्याची जांघ दुखावली. सीझनला ५४ कॅच, ६३३ यार्ड, २ टचडाउन. आणि ती खुर्ची कुणी घेतली? ज्याला टीमने एका वर्षाच्या किरकोळ करारावर ठेवून घेतलं होतं आणि आमच्या रीड्राफ्टमध्ये कुणी नावही घेतलं नाही तो एडलमन, १०५ कॅच, १०५६ यार्ड, ६ टचडाउन, २४६.६. आधीच्या चार वर्षांत मिळून त्याचे ६९ कॅच होते, २०११ मध्ये तर त्याला डिफेन्समध्येही खेळवलं होतं. मैदानावर टीम ज्याच्यावर विश्वास ठेवते तो आणि ज्याला पैसे देते तो हे नेहमी एकच नसतात, विशेषतः स्लॉटमध्ये, कारण इथे क्वार्टरबॅकचं मत चालतं.

डेन्व्हरमधला वेल्कर बघ. २०१३ मध्ये १३ सामने, ७३ कॅच, ७७८ यार्ड, १० टचडाउन. सामन्याला १६.२, वरवर बघता ठीकच. पण पॉइंट कुठून आले ते बघ. २००८ मध्ये टचडाउनचा वाटा ७ टक्के होता, आता २८ टक्के. मॅनिंगने त्या वर्षी ५५ टचडाउन पास फेकले, अख्ख्या गल्लीला वाटले, याला १० मिळाले. शेजारी डेमेरियस थॉमस, डेकर, ज्युलियस थॉमस, म्हणजे बॉलसाठी रांग. कॅच ११८ वरून ७३ वर, तेरा सामने धरले तरी सामन्याला साडेसातवरून साडेपाचवर. स्लॉटवाल्याचे पॉइंट कॅचवरून टचडाउनवर सरकले की तो धोक्याचा दिवा. ते कळलं असतं तर मी त्याला ऑक्टोबरातच विकला असता, तेव्हा लोक रांग लावून होते. मग नोव्हेंबरात डोक्याला मार, डिसेंबरात परत, पुढच्या ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा. दहा महिन्यांत तीन कन्कशन. २०१४ मध्ये ४९ कॅच, ४६४ यार्ड, २ टचडाउन, सामन्याला ७.७. २०१५ मध्ये रॅम्सकडे १३ कॅच आणि संपलं. एकूण ९०३ कॅच, ९९२४ यार्ड, ५० टचडाउन. २०१२ च्या शेवटी १८ च्या सरासरीचा प्लेयर, दोन वर्षांत आठाच्या खाली. तो कठडा म्हणजे हा.

एडलमनचं तेवढ्या विस्ताराने सांगत नाही, पण दोन-तीन गोष्टी कामाच्या. २०१५ मध्ये ९ सामन्यांत ६१ कॅच, ६९२ यार्ड, ७ टचडाउन, सामन्याला १९.१, आणि मग पायाचं हाड. २०१७ चा अख्खा सीझन गेला, ऑगस्टमध्ये डेट्रॉइटमधल्या प्रीसीझन सामन्यात एसीएल. आमचा ड्राफ्ट त्याच्या आदल्या आठवड्यात झाला होता कारण कुणाच्या तरी घरी गणपती होते आणि लेबर डेला जमणार नव्हतं. तेव्हापासून नियम, प्रीसीझन संपल्याशिवाय ड्राफ्ट नाही, गणपती असोत की सत्यनारायण. २०१८ मध्ये वय ३२, एसीएलनंतरचं वर्ष, वर चार सामन्यांचं सस्पेन्शन, तीन-तीन कारणं असल्याने तो खूप खाली घसरला होता. १२ सामने, ७४ कॅच, ८५० यार्ड, ६ टचडाउन, सामन्याला सव्वासोळा, आणि वर सुपर बोलचा एमव्हीपी. सस्पेन्शनसारखा स्वस्त डिस्काउंट दुसरा नाही, कारण परत यायची तारीख छापील असते, दुखापतीची नसते. २०१९ मध्ये ३३ व्या वर्षी १०० कॅच, १११७ यार्ड, ६ टचडाउन.

आणि मग २०२०. ब्रेडी टॅम्पाला गेला. दुसऱ्या आठवड्यात सिएटलमध्ये एडलमन ८ कॅच, १७९ यार्ड, करिअरमधला सर्वोच्च आकडा. दुसऱ्या दिवशी सकाळी मला एका फर्स्ट राउंड पिकची ऑफर आली. मी नाही म्हटलं. त्यानंतरच्या चार सामन्यांत मिळून ८ कॅच आणि ७९ यार्ड, मग गुडघ्याचं ऑपरेशन, आणि एप्रिल २०२१ मध्ये रिटायर. ती ऑफर देणारी बाई दर दिवाळीच्या फराळाला मला त्याची आठवण करून देते. क्वार्टरबॅक बदललाय, वय ३४, गुडघा दुखतोय, आणि एक सामना छप्पर फाडून गेलाय, याहून स्पष्ट विकायची वेळ असते का?

हे फक्त पेट्रियट्सचं आहे असं वाटत असेल तर लॅरी फिट्झजेराल्ड बघ, उलट्या दिशेने. तो कडेचा राजा होता, पण अ‍ॅरिझोनात कोच ब्रूस एरियन्सच्या हाताखाली मधे सरकला. २०१४ मध्ये ६३ कॅच, ७८४ यार्ड, २ टचडाउन, सगळे म्हणाले संपला. २०१५ मध्ये ३२ वर्षांचा असताना १०९ कॅच, १२१५ यार्ड, ९ टचडाउन, १५३ वरून २८४. त्यात क्वार्टरबॅक कार्सन पामर दुखापतीतून परत आला याचाही मोठा वाटा, सगळं श्रेय स्लॉटला देत नाही. पुढची दोन वर्षं १०७ आणि १०९ कॅच. २०१७ नंतर एरियन्स आणि पामर दोघंही गेले आणि २०१८ मध्ये तोच माणूस ६९ कॅचवर. अलीकडचं हवं तर कीनन अ‍ॅलन, २०२३ मध्ये चार्जर्सकडे १३ सामन्यांत १०८ कॅच, १२४३ यार्ड, ७ टचडाउन, सामन्याला २१. मग फोर्थ राउंड पिकवर शिकागोला ट्रेड, नवखा क्वार्टरबॅक, वाटेकरी दोन, आणि २०२४ मध्ये १५ सामन्यांत ७० कॅच, ७४४ यार्ड, टचडाउन तेवढेच ७, सामन्याला १२.४. वय एका वर्षाने वाढलं, पॉइंट चाळीस टक्क्यांनी उतरले. कूपर कपचं २०२१ (१४५ कॅच, १९४७ यार्ड, १६ टचडाउन) मला कुणी तोंडावर फेकू नये, ते वर्ष कुठल्याही हिशोबात बसत नाही आणि तसा प्लेयर तुझ्याकडे असता तर तू मला विचारलंच नसतंस.

तर तुझा ३१ वाला. मी काय बघेन ते सांगते, क्रम महत्त्वाचा. पहिलं, क्वार्टरबॅक तोच आहे का आणि ऑफेन्सचे प्ले बोलावणारा कोच तोच आहे का, दोन्ही तेच असतील तर वय ३१ आहे याला मी शून्य महत्त्व देते. दुसरं, करार, म्हणजे पुढच्या वर्षी त्याला सोडलं तर टीमला किती पैसे वाचतात, कारण स्लॉटवाल्याला टीम फार सहज सोडते, सेकंड-थर्ड राउंडला त्याच साच्याचा पोरगा मिळतो असं त्यांना वाटतं. एप्रिलच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये तसा पोरगा घेतला तर घंटा वाजली. तिसरं, सामन्यामागे टार्गेट किती. कॅच नाही, टार्गेट, म्हणजे त्याच्याकडे किती बॉल फेकले ते. नऊच्या वर असतील तर खुर्ची पक्की, सात झाले की मी अस्वस्थ होते. चौथं, पॉइंटमध्ये टचडाउनचा वाटा, पाव भागाच्या वर गेला तर विक. शेवटी दुखापत, आणि त्यातही हॅमस्ट्रिंग वारंवार आणि डोकं, या दोनच गोष्टींना मी खरी घाबरते. एसीएल झाला असेल तर पहिलं वर्ष सोडून द्यायचं, दुसऱ्या वर्षी घ्यायचा.

आता सेकंड राउंड पिक. खरं सांगू का, मी आजवर सेकंड राउंडला घेतलेल्या रुकींपैकी दोनच असे निघाले की ज्यांना दर आठवड्याला लावावं. बाकीचे बेंचवर मोठे झाले आणि दुसऱ्याच्या टीमला गेले. तुझी टीम यंदा प्लेऑफला जाणार असेल तर आठवड्याला १५ देणारा माणूस त्या पिकपेक्षा नक्की महाग, ठेव. फक्त एवढं समज की तो १५ देतो, ३० नाही. सोमवारी रात्री २८ पॉइंट हवेत आणि तुझ्याकडे हाच उरलाय, तर झोपून जा. टीम तळाला असेल तर सरळ विक, पण आत्ता नाही. उन्हाळ्यात सगळे वय बघतात. सप्टेंबरात त्याचा एखादा ११ कॅचचा सामना होईल, त्या सोमवारी सकाळी हाच माणूस सेकंडच्या वर अजून एखादा थर्ड टाकेल, तेव्हा दे. ट्रेड डेडलाइन नोव्हेंबरात असेल तर दोन महिने आहेत तुझ्याकडे, घाई त्याला आहे, तुला नाही.

आणि ठेव किंवा विक, त्या टीममध्ये त्याच्या मागे स्लॉटला कोण उभा राहतो ते आज रात्री बघ. रोस्टरचा शेवटचा कोपरा मोकळा असेल तर त्याला फुकटात उचलून ठेव. मी २०१० च्या जानेवारीत उचलला नव्हता.